मुलांना आत पाठवू नका, आजोबांना गप्प करू नका

मा. संपादक,
स.न.वि.वि.

घरात कुणी गेले की पहिली सूचना सुटते ती 'मुलांना आत न्या' ही. आणि ऐंशीचे आजोबा निरवानिरवीचा विषय काढू लागले की सून-मुलगा म्हणतात, 'बाबा, असं अभद्र नका बोलू.' मरणाबद्दल मोकळेपणी बोलायला तयार असतात ती लहान मुले आणि म्हातारी माणसे. त्यांना गप्प करणारे बहुधा मधल्या वयातले असतात, आणि भीतीचा जोर खरे तर त्यांच्यातच जास्त असतो. या तिन्ही वयांत भीती एकाच नावाने ओळखली जाते, पण तिच्या आत जे असते ते फार वेगळे असते. ते ओळखले नाही तर धीर द्यायला जाऊन आपण भीती वाढवतो, म्हणून हे पत्र.

मृत्यू कळणे म्हणजे चार गोष्टी कळणे: गेलेला माणूस परत येत नाही, त्याचे शरीर पूर्ण थांबते, प्रत्येकजण कधी ना कधी मरतो, आणि मरण्याला शरीरातले कारण असते. बहुतेक मुलांना यातले बरेचसे पाच ते सात या वयात उमगते, पण चारही गोष्टी एकदम नाही. हंगेरीतल्या मारिया नॅगी यांनी 1948 मध्ये तीन ते दहा वर्षांच्या मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. अगदी लहानांना मरण म्हणजे झोप किंवा दूर जाणे वाटत होते, मधल्या वयातली मुले त्याला माणसाचे रूप देत होती, आणि नऊच्या पुढे ते अटळ असल्याचे कळत होते. माणसाचे रूप देणे पुढे इतर देशांत तितके ठळक आढळले नाही. आपल्याकडे मात्र रेड्यावरचा यम मुलांना मालिकांतून आयताच भेटतो.

चार वर्षांच्या मुलाला आपण काय सांगतो? 'आजोबा झोपलेत.' त्याच रात्रीपासून ते झोपायला घाबरते. 'देवाने नेले' म्हटले की देवघराकडे फिरकत नाही. 'गावाला गेले' म्हटले की वाट बघत बसते, आणि वडील कामासाठी परगावी निघाले की आकांत मांडते. 'आजारी होते म्हणून गेले' एवढेच सांगितले तर पुढे आईला साधी सर्दी झाली तरी त्याच्या पोटात गोळा येतो. एकही वाक्य वाईट हेतूने म्हटलेले नसते, पण मूल ते शब्दशः घेते.

आपल्या घरांत याहून अवघड एक गोष्ट आहे, ती म्हणजे अग्नी. 'आजोबांना अग्नी दिला' हे मुलाच्या कानावर पडतेच. शरीर थांबते म्हणजे काय हे त्याला अजून कळलेले नसते, त्यामुळे आजोबांना भाजले असेल, ते ओरडले असतील असे त्याला वाटत राहते. ते बोलून दाखवेलच असे नाही. मग कधी अंथरूण ओले होते, कधी गॅसजवळ जायचे ते टाळते, आणि घरच्यांना कारण सापडत नाही. म्हणून आधी शरीराबद्दल सांगा, विधींबद्दल नंतर. ओळखीचा आवाज, मांडीवर किंवा शेजारी बसवलेले मूल, आणि साधे शब्द: 'आजोबा मेले. त्यांचं हृदय थांबलं, श्वास थांबला. आता त्यांना दुखत नाही, भूक लागत नाही, थंडी वाजत नाही, भाजतही नाही. ते परत येणार नाहीत. हे तुझ्या बोलण्यानं किंवा वागण्यानं झालेलं नाही.' शेवटचे वाक्य गाळू नका. या वयातल्या मुलांना आपल्या रागाने, हट्टाने माणूस मेला असे मनापासून वाटू शकते. देवाचे, चांदणीचे जे काही सांगायचे असेल ते त्यानंतर सांगा.

तेच मूल तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारेल. उत्तर दर वेळी त्याच शब्दांत द्या, कारण शब्द बदलले की त्याला गोष्ट बदलल्यासारखी वाटते. बाहुलीची तिरडी बांधून खेळत असेल तर दटावू नका, मुले खेळातूनच समजून घेतात. अंत्यदर्शनाला न्यायचे असेल तर तिथे काय दिसेल ते आधी सांगा, आणि एक मोठे माणूस केवळ त्याच्यासाठी सोबत ठेवा. मूल 'चल' म्हणाले की त्याने विधी सोडून त्याला घेऊन निघायचे.

सात-आठच्या सुमारास रात्रीचा प्रश्न येतो, 'आई, तू पण मरणार?' 'छे, मी कधीच नाही' हे उत्तर मुलाला पटत नाही, आणि पुढच्या वेळी ते विचारतही नाही. त्यापेक्षा सांगावे, 'बहुतेक माणसं खूप म्हातारी होईपर्यंत जगतात, मीही तशीच जगेन असं मला वाटतं. आणि काही झालंच तर तुझ्याजवळ बाबा आहेत, मावशी आहे.' नावे घेऊन सांगा. या वयात भीती मरणापेक्षा एकटे पडण्याची असते. ऑस्ट्रेलियात चार ते आठ वर्षांच्या मुलांवर झालेल्या, 2007 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, ज्यांना शरीराच्या अंगाने मृत्यू जास्त नीट कळला होता त्यांना त्याची भीती कमी वाटत होती. शाळेला जाणे बंद, जेवण तुटलेले, वारलेल्या आजीबद्दल 'मला आजीकडे जायचंय' असे सतत म्हणणे, हे आठवडे लोटले तरी चालूच असेल तर बालमानसतज्ज्ञांना दाखवावे.

कुमारवयात सगळे कळलेले असते, पण ते आपल्याला लागू आहे असे वाटत नाही. हेल्मेटविना तिघे एका गाडीवर बसतात ते त्यामुळेही. मग विशीत उसळी येते. अमेरिकेतल्या 2007 च्याच एका पाहणीत मृत्यूची चिंता स्त्री-पुरुष दोघांत विशीत सर्वाधिक होती आणि नंतर उतरत गेली, फक्त स्त्रियांत पन्नाशीत ती पुन्हा एकदा वाढलेली दिसली. पॅनिक अटॅक सुरू होण्याचे वयही बहुधा हेच असते. छाती धडधडते, घाम फुटतो, 'आता मी मरतो' अशी खात्री वाटते. श्वास भराभर घेतल्याने रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, त्यामुळे बोटांना आणि ओठांभोवती मुंग्या येतात. लाट साधारण दहा मिनिटांत शिखर गाठते आणि ओसरते. पहिल्या वेळी ईसीजी काढायलाच हवा, छातीतल्या दुखण्याचे निदान घरी करू नये. पण हृदय ठीक असल्याचे डॉक्टरांनी सांगितल्यावरही दर आठवड्याला नवी तपासणी आणि रोज रात्री मोबाइलवर लक्षणांचा शोध सुरू झाला की भीती पोसली जाते, कारण अहवालाचा दिलासा चार दिवसही टिकत नाही. चार आकडे मोजत श्वास आत, सहा मोजत बाहेर, हे पाच मिनिटे करावे. वारंवार होत असेल तर मानसोपचार घ्यावेत, त्यांचा चांगला उपयोग होतो. 14416 या टेलिमानस क्रमांकावर, म्हणजे सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनवर, मराठीतही मोफत बोलता येते.

चाळिशी-पन्नाशीत भीतीचा रोख मागे राहणाऱ्यांकडे वळतो. कर्ज, मुलांचे शिक्षण, आईवडिलांचे आजारपण. इथे उपाय बराचसा कागदोपत्री आहे: मृत्युपत्र, विमा, आणि सगळी खाती कुठे आहेत याची जोडीदाराला माहीत असलेली एक यादी.

म्हातारपणी मात्र लोकांचा अंदाज चुकतो. मरण जवळ आले म्हणजे भीती वाढत असेल, असे आपण धरून चालतो. ज्येष्ठांवरच्या अनेक अभ्यासांचा 1999 मध्ये घेतलेला आढावा सांगतो की नुसत्या वाढत्या वयाने ती वाढत नाही. ज्यांना शारीरिक आजार जास्त, मन खचलेले, किंवा जे संस्थेत राहतात, त्यांच्यात ती जास्त आढळली. 'मरणाचं काही नाही हो, अंथरुणाला खिळायला नको' हे वाक्य प्रत्येक घराने ऐकलेले आहे. 'अनायासेन मरणं' म्हणत हात जोडणारी आजी तेच मागत असते. परस्वाधीन होणे, वेदना, नळ्या, पोरांचा खर्च आणि धावपळ ही त्या भीतीची खरी नावे. त्यावर 'तुम्ही शंभर वर्षं जगणार' हे उत्तर होत नाही. 'नेमकी कशाची काळजी वाटते?' असे विचारावे आणि पुढची पाच मिनिटे मध्ये बोलू नये.

एक इशारा द्यायला हवा. म्हाताऱ्या माणसाला अचानक, नव्याने भयंकर भीती वाटू लागली तर 'वयच झालं' म्हणून सोडून देऊ नका. हृदय किंवा फुप्फुसाच्या आजाराने रात्री दम लागणे, थायरॉइड, नवे औषध, नैराश्य, संध्याकाळी वाढणारा गोंधळ, यांपैकी काहीही त्यामागे असू शकते. 'आता जगून काय करायचं' हे वारंवार येऊ लागले आणि सोबत जेवण-झोप तुटली, तर जीव द्यावासा वाटतो का हे सरळ विचारा. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. उतारवयातले नैराश्य उपचारांनी बरे होते.

वेदनेच्या भीतीला परिहारक उपचारांचे, म्हणजे गंभीर आजारात वेदना आणि त्रास कमी करणाऱ्या उपचारांचे, उत्तर आहे. मुंबईत शांती आवेदना सदन 1986 पासून, पुण्यात वारज्याला सिप्ला पॅलिएटिव्ह केअर सेंटर 1997 पासून हे काम करते आहे. हे उपचार शेवटच्या आठवड्यापुरते नसतात, आजाराचे निदान झाल्यापासून घेता येतात. दम लागणाऱ्या रुग्णाला तोंडावर येणाऱ्या पंख्याच्या वाऱ्यानेही आराम वाटतो, हे किती घरांना ठाऊक आहे?

नळ्यांच्या भीतीला उत्तर आहे लिव्हिंग विलचे, म्हणजे शेवटच्या आजारात कोणते उपचार नकोत हे आधीच लिहून ठेवण्याचे. सर्वोच्च न्यायालयाने ते 9 मार्च 2018 रोजी मान्य केले आणि 24 जानेवारी 2023 रोजी त्याची प्रक्रिया सोपी केली. आता दोन साक्षीदारांसमोर सही करून नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून साक्षांकन पुरते. आपल्या वतीने निर्णय घेणाऱ्यांची नावे त्यात लिहायची. एकाहून जास्त चालतात. स्वतःला निर्णय घेता येत नसेल तेव्हाच ते लागू होते आणि केव्हाही लेखी रद्द करता येते. अमलात आणण्यापूर्वी उपचार करणारे डॉक्टर आणि दोन तज्ज्ञ यांचे मंडळ, त्यानंतर दुसरे मंडळ, अशी दुहेरी खातरजमा असते. घोळ होतो तो मजकुरात. 'कोणतेही उपचार नकोत' एवढ्यावर रुग्णालय काही करू शकत नाही. 'बरे होण्याची आशा नाही असे वैद्यकीय मंडळाने ठरवल्यास व्हेंटिलेटर, डायलिसिस, नळीने अन्न नको. वेदनाशमन चालू ठेवावे' असे स्पष्ट लिहावे. दुसरा घोळ म्हणजे कागद बँकेच्या लॉकरमध्ये आणि मुलगा परदेशात. प्रत नाव दिलेल्या नातेवाइकांकडे आणि फॅमिली डॉक्टरांकडे असलीच पाहिजे, आणि एक महापालिका, नगरपालिका किंवा पंचायतीच्या नेमलेल्या अधिकाऱ्याकडे जमा करायची असते.

हा अधिकारी कोण, कोणत्या खोलीत बसतो, प्रत कोणत्या वारी घेतो, हे मात्र सामान्य माणसाला कुठे वाचायला मिळत नाही. आपल्या वृत्तपत्राने जिल्ह्यातल्या प्रत्येक नगरपालिकेत चौकशी करून ही माहिती पदनाम आणि पत्त्यासह छापावी, अशी विनंती आहे.

आपली,
एक समुपदेशक, सातारा