फोटो व्हेल शार्कचा, नाव ग्रेट व्हाइटचं

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मागच्या रविवारच्या पुरवणीत ग्रेट व्हाइट शार्कवर अर्धं पान आलंय, वाचून बरं वाटलं म्हणणार होतो पण वरचा फोटोच चुकलाय. अंगभर पांढरे ठिपके आणि पुढे ते रुंद चपटं तोंड, हा व्हेल शार्क आहे हो, पाण्यातलं बारीकसारीक गाळून खाणारा, आपल्याकडे २००१ पासून कायद्याने संरक्षित. आणि त्याच्याखाली ओळ काय तर 'नरभक्षक देवमासा'! देवमासा म्हणजे व्हेल, तो वर येऊन श्वास घेतो, पिल्लांना दूध पाजतो. शार्क म्हणजे आमच्या रत्नागिरीकडची मुशी, मालवणात मोरी म्हणतात तीच जात.

लहानपणी आई मुशी साफ करायला बसली की आम्ही पोरं भोवती असायचो. अंगावरून उलटा हात फिरवला तर पॉलिश पेपर, गरम पाण्यात घातल्याशिवाय ती साल निघत नाही, आत काटा म्हणून नाही, नुसता मधला मऊ दांडा, त्यामुळे लहान पोरांना बिनधास्त भरवायची. आणि कधी कधी पोट फाडलं की आतून बोटाएवढी पिल्लं निघायची, मग आई जरा गप्प व्हायची. ग्रेट व्हाइटचंही घराणं हेच, हाड नाही, सगळा कूर्चेचा सांगाडा, आणि पिल्लं पोटातच वाढतात. फक्त तिथे आतली पिल्लं आईची न फळलेली अंडी खाऊन वाढतात आणि बाहेर येतात तीच चार-पाच फुटांची. मादी मोठी, पंधरा-सोळा फूट सहज, नर त्याहून लहान. नाव व्हाइट पण पांढरं फक्त पोट, पाठ राखाडी, म्हणून वरून बघणाऱ्याला खालच्या अंधारात दिसत नाही.

लेखात 'थंड रक्ताचा' असं लिहिलंय तेही पूर्ण खरं नाही. बहुतेक माशांच्या अंगातली ऊब कल्ल्यांतून पाण्यात जाते, याच्या अंगात मात्र गरम आणि गार रक्ताच्या नळ्या एकमेकींना चिकटून जाळी करून असतात, बाहेर जाणारी ऊब आत येणारं रक्तच उचलतं. पोटातलं तापमान बाहेरच्या पाण्यापेक्षा १४ अंशांपर्यंत जास्त सापडलंय. म्हणूनच हा केपटाऊन, कॅलिफोर्निया, दक्षिण ऑस्ट्रेलिया अशा गार पाण्यातही सीलच्या मागे वेगाने पळू शकतो. आणि एका जागी बसणारा नाही, २००३ साली दक्षिण आफ्रिकेत टॅग लावलेली निकोल नावाची मादी ऑस्ट्रेलियाला जाऊन नऊ महिन्यांच्या आत परत आली, वीस हजार किलोमीटर!

आता मुख्य तक्रार. शेवटी लिहिलंय की केपटाऊनचा समुद्र आजही याच्या दहशतीखाली आहे. माझी मुलगी-जावई तिथे असतात, मी गेल्या वर्षी दीड महिना होतो. म्यूझनबर्गच्या किनाऱ्यावर शार्क स्पॉटर्सचे झेंडे लागतात, माणूस डोंगरावर दुर्बीण घेऊन बसलेला असतो. हिरवा म्हणजे पाणी स्वच्छ दिसतंय, काळा म्हणजे गढूळ आहे काही दिसत नाही, लाल म्हणजे सावध, आणि शार्कचं चित्र असलेला पांढरा लागला, भोंगा वाजला की सगळे बाहेर. (काळा झेंडा बघून मला आधी वाटलं कुणी मंत्री येतोय.) मी होतो तेवढ्या दिवसांत पांढरा एकदाही लागला नाही. फॉल्स बेमध्ये, म्हणजे म्यूझनबर्ग ज्यावर आहे त्या उपसागरात, एके काळी स्पॉटर्सना वर्षाला दोनशेच्या आसपास वेळा ग्रेट व्हाइट दिसायचा, २०१९ साली एकदाही नाही.

कारण काय यावर तिथे भांडणं आहेत. २०१७ मध्ये केपटाऊनच्या पूर्वेला गान्सबायच्या किनाऱ्यावर ग्रेट व्हाइट मेलेले वाहून आले, कल्ल्यांखाली फाडलेले आणि लिव्हर गायब. हे काम किलर व्हेलचं, त्यातले दोन नर तर प्रसिद्धच आहेत, एकाचा पाठीवरचा पर डावीकडे पडलेला, एकाचा उजवीकडे, म्हणून नावं पोर्ट आणि स्टारबोर्ड, खलाशांच्या भाषेत डावं आणि उजवं. शार्कचं लिव्हर म्हणजे तेलाची बुधलीच, लहानपणी चमचाभर शार्क लिव्हर ऑइल नाक दाबून प्यायलेल्यांना माहितीय. काही जण म्हणतात शार्क घाबरून पूर्वेला मॉसेल बेकडे सरकले, काही जण म्हणतात नुसतं किलर व्हेलवर ढकलू नका, त्याच देशाच्या पूर्वेकडच्या क्वाझुलू-नाताळ प्रांताच्या किनाऱ्यावर १९५२ पासून शार्कसाठी जाळी लावलीय आणि याचं खाणं असलेले छोटे शार्कही माणसाने उपसलेत, त्याचं काय. मला हे दुसरं जास्त पटतं, कारण हिशोब बघा, मादी वयात यायलाच तिशी उलटते, सत्तर वर्षं जगते, पिल्लं मोजकीच, मग गेलेला एकेक भरून यायला किती काळ जाणार.

पुरवणीच्या पुढच्या अंकात निदान त्या फोटोची दुरुस्ती छापा. माझा नातू तो कापून वहीत चिकटवून बसलाय आणि माझं ऐकत नाही, म्हणतो पेपरात आलंय.

आपला,
एक जुना वाचक, रत्नागिरी