तुझी टेप मी वाजवली

प्रिय बाळ्या,

मार्चपासून तुझे तीन फोन उचलले नाहीत, मेसेजला नुसता अंगठा टाकून गप्प बसलो, त्यामुळे शिव्या घालायच्या तर आधीच घालून घे मेल्या. मी बरा आहे. शुगर थोडी, गुडघा तोच. आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, आता तिला शेजारच्यांच्या खळ्यातला कचरासुद्धा दिसतो.

लिहितोय ते टेपबद्दल. कुठली टेप ते तुला कळलं. थांब, लगेच फोन लावू नकोस, आधी शेवटपर्यंत वाच.

आपलं अद्भुत पुस्तकं वाचायचं मंडळ अजून चालू आहे, महिन्याच्या शेवटच्या रविवारी वाचनालयाच्या माडीवर. तू गेलास तेव्हा चार टाळकी होती, आता सतरा आहेत, जून-जुलैत तर वीस होतात कारण मासेमारी बंद, एकसष्ट दिवस बोटी वर ओढलेल्या, मग ट्रॉलरवरची दोन-तीन पोरंसुद्धा येऊन बसतात. वाचतात भारी. आपण टोल्किनच्या लॉर्ड ऑफ द रिंग्जच्या तिन्ही खंडांपैकी दुसराच मिळाला म्हणून तोच आधी वाचला आणि पहिल्यात काय झालं असेल यावर सहा महिने भांडलो, यांच्याकडे मोबाइलमध्ये सगळं. (तुझा तो दुसरा खंड माझ्याकडेच आहे. त्या पावसात फुगला तो फुगलाच, आता दाराला लावायला बरा पडतो. हे तुला आधीच सांगितलं होतं ना? नसेल तर आता सांगितलं.) मास्तर आहेत तस्सेच. त्यांच्या मते १८६८ साली मंजुघोषा कादंबरी आली आणि मराठीतलं अद्भुत तिथेच संपलं. आणि खानोलकरांची कोंडुरा फॅन्टसी धरायची की नाही यावरून परवा परत वाजलं, मला एकदम तू आणि मी आठवलो, शिरोड्याच्या बाजारात बांगड्यांची पिशवी हातात धरून तासभर, आणि शेवटी बांगडे टाकून द्यायला लागले. मी अजून म्हणतो धरायची. तू चूक होतास.

तर जुलैच्या बैठकीला ठरलं की प्रत्येकाने पुस्तकाबरोबर वाजवण्यासारखं एकेक म्युझिक आणायचं. ट्रॉलरचं इंजिन बघणारा एक पोरगा आहे, गिटार वाजवतो, नखांत कायम ग्रीस. त्याने ब्लाइंड गार्डियन म्हणून जर्मन बँड आहे त्यांचा १९९८ चा अल्बम आणला, अख्खा टोल्किनच्याच सिल्मरिलियनवर, गाण्यांच्या मधे मधे पात्रं बोलतात. माझे कान बधिर झाले पण खोटं कशाला सांगू, त्या मधल्या बोलण्यांना काटा आला. एकाने बो हॅन्सन म्हणून स्वीडिश माणसाचा १९७० चा ऑर्गन लावला, शब्द एकही नाही, मास्तर म्हणाले आमच्या दशावतारातली पायपेटी याहून बरी. मग कुणीतरी लेड झेपलिनचं १९६९ चं गाणं लावलं, त्यात आपल्या रिंग्जमधल्या मॉर्डोरचं आणि गोलमचं नाव येतं आणि तो गोलम चक्क गाणाऱ्याची मुलगी घेऊन पळतो. मास्तरांनी डोळे उघडले. "मुलगी पळवली? मग हे सौभद्रच की!" आम्ही पाच मिनिटं हसत होतो.

आणि त्या हसण्यातच ते पोर बोललं, "आपल्याकडे असलं काही नाही ना काका."

बाळ्या, माझं टाळकं सटकलं. म्हटलं अरे आरवलीला जा, वेतोबाला माणसं चामड्याच्या हातभर वहाणा वाहतात कारण तो रात्री गावभर फिरतो आणि त्या झिजतात, हे तुझ्या त्या टोल्किन प्रोफेसरला सुचलं असतं तर त्याने चार प्रकरणं लिहिली असती! दशावतारात संकासूर वेद पळवतो, काळा झगा, उंच टोपी, लाल जीभ, आणि संवाद कुठे लिहिलेले नाहीत, रात्रभर उभ्या उभ्या रचतात. पोरं म्हणाली हो ते माहितेय, पण ऐकवण्यासारखं काय?

आता हे माझं पाप. टेप मी मे महिन्यात मोबाइलवर उतरवून ठेवली होती. बुरशी आली होती रे, पांढरी, रिळावर कडेने मिठासारखी. स्पिरिटचा बोळा फिरवला, पेन्सिल घालून हाताने एकदा पुढे एकदा मागे गुंडाळली, आतला स्पंज पडला होता तो जुन्या भजनाच्या कॅसेटमधला काढून चिकटवला. नुसती वाचवायची म्हणून, शप्पथ. तू म्हणाला होतास कोणाला ऐकवायची नाही, मी हो म्हणालो होतो, एकोणतीस वर्षं पाळलं. आणि त्या रविवारी एका पोराच्या एका वाक्यापायी तो मोठा स्पीकर जोडला आणि लावली.

तुझ्या आबांचा आवाज माडीवर. बा देवा म्हाराजा. आणि मागून सगळा गाव, व्हय म्हाराजा. आपली पोरं गाऱ्हाणं कुणाचं ते नाही पण गाऱ्हाणं आहे हे लगेच ओळखून गप्प झाली. रिसॉर्टवर कामाला पुण्याची एक मुलगी आलीय ती मात्र हळूच विचारते, ही बनवलेली भाषा आहे का, टोल्किनसारखी? आधी भाषा मग गोष्ट असं त्याचं होतं ना, म्हणून. कोणी हसलं नाही. मास्तर माझ्याकडे बघत होते. त्यांनी आवाज ओळखला होता.

आणि आता ते, ज्याच्यासाठी हे सगळं लिहितोय. आपल्या त्या टू-इन-वनवर मधला भाग नुसता खरखर यायचा, आठवतं? आपण समजायचो आबा खोकतायत. मोठ्या स्पीकरवर ते खोकणं नाही बाळ्या. आबा आवाज खाली घेऊन बोलतायत. "माझो झील पुस्तकांका लागान येडो झालो आसा, तेका ताळ्यार हाड म्हाराजा. आणि नाय इलो ताळ्यार, तर त्या पुस्तकांतसूनच तेच्या पोटापाण्याचा काय ता बघ." आणि अख्खा गाव, काही न कळता, व्हय म्हाराजा.

मग शेवटी ते आपलं नेहमीचं, "बंद कर रे ता, सेल संपतले." पोरांना वाटलं हा मुद्दाम केलेला शेवट.

तुझं पुस्तक बावीत टाकलं होतं त्यांनी. तू मला किती वेळा सांगितलंस, दारू चढली की हमखास. मी सात वेळा ऐकून घेतलंय. गाऱ्हाणं त्याच्या आधीचं की नंतरचं, ते मला आठवत नाही. तुला आठवेल. मी रोज रात्री ते वीस सेकंद लावतो आणि तारीख शोधतो, मागे फटाके आहेत पण फटाके कधी नव्हते.

आता घोटाळा असा की त्या गिटारवाल्याने तेव्हाच मोबाइलवर रेकॉर्ड करून घेतलं. त्याला त्याच्याखाली मृदंग आणि डिस्टॉर्शन घालून कोजागिरीच्या बैठकीला वाजवायचंय. सगळ्यांनी हात वर केले, मी पण अर्धा वर केला. दुसऱ्या दिवशी जेटीवर जाऊन त्याला म्हटलं, हे कुणाच्या तरी बापाचं आहे, विचारल्याशिवाय नको. तो हात पुसत म्हणाला, मग विचारा ना काका. पोरगा चांगला आहे. मधला भाग काढून टाकीन म्हणतो. काढायचा का? मला नाही ठरवता येत, आणि तुला सांगू, ठरवायचं माझं कामही नाही.

बाकी वहिनींना नमस्कार, पोरीचा दहावीचा निकाल चांगला लागला ऐकलं, अभिनंदन, प्रमोशनचं पण. क्लेम डिपार्टमेंटला पुस्तकं असतात का रे, नुसत्या फायली?

चतुर्थीला ये. कोकणकन्येचं तिकीट मिळालं नाही तर लाल डब्याने ये पण ये, घरी बस, मी स्पीकर आणून ठेवतो, मास्तर पण नकोत, आपण दोघंच. मूळ कॅसेट तांदळाच्या डब्यात आहे, तिथे दमट लागत नाही. आईला सांगून ठेवलंय, त्या डब्यातले तांदूळ काढायचे नाहीत.

तुझाच,
गण्या