‘घरच्या आवाजासाठी खास’ म्हणून विकलेल्या गिटार ॲम्पबाबत तक्रार

ता. दारव्हा, जि. यवतमाळ
दि. १७ नोव्हेंबर २०२५

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
ग्राहक सेवा विभाग

विषय : ४० वॅटचा गिटार ॲम्प घरात वाजवण्याजोगा नसल्याबाबत, तो दुरुस्त करून मिळावा किंवा पैसे परत मिळावेत.

संदर्भ : माझी १४ ऑक्टोबरची फोनवरील तक्रार व त्यानंतरचे तीन ई-मेल. नाव, पूर्ण पत्ता आणि ऑर्डर क्रमांक सोबत जोडलेल्या बिलावर आहेत.

महोदय,

दसऱ्याच्या सवलतीत मी आपल्या संकेतस्थळावरून १० इंची स्पीकरचा ४० वॅटचा ॲम्प १८,४९० रुपयांना मागवला. ९ ऑक्टोबरला तो माझ्या दुकानात पोचला. खोका धड होता, आतला मालही धड होता. दिवा लागतो, आवाज येतो. आवाज येत नाही अशी माझी तक्रार नाही, तो कमी होत नाही अशी आहे.

आधी घर सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. मी मोटार वाइंडिंगचं दुकान चालवतो. सध्या हरभऱ्याला पाणी सुरू आहे, म्हणजे मोटारी जळायचा हंगाम. दुकान बंद करून, हातपाय धुऊन, जेवून गिटार हातात यायला रात्रीचे साडेनऊ-दहा होतात. घर वडिलोपार्जित, टिनाचं. मधल्या भिंतीपलीकडे मोठा भाऊ राहतो. छपरीत आई झोपते आणि छपरीला लागूनच कोठा आहे, त्यात गाय आणि दोन महिन्यांचं वासरू. त्या वेळी पारावर कोणी खोकललं तरी आमच्या घरात समजतं.

हे सगळं मी ऑर्डर देण्याआधी आपल्या विक्री विभागाला फोनवर सांगितलं होतं. माझ्या मनात १५ वॅटचा ॲम्प होता. तिकडून उत्तर आलं, “सर, पंधराचा कमी आवाजात पातळ वाजतो. चाळीसचा घ्या, तो कमी आवाजातही भरीव लागतो.” संकेतस्थळावरही ‘घरच्या आवाजासाठी खास’ असं ठळक अक्षरात होतं. मोटारीवाल्याला हे पटकन पटतं. तीनच्या जागी पाच एचपीची मोटार लावली की तिला दम लागत नाही, तसंच काहीतरी असेल असं मी धरून चाललो. फसलो तो इथे.

आता मास्टर व्हॉल्यूमच्या बटणाबद्दल. खरं दुखणं तेवढंच आहे. शून्यावर सगळं शांत. हळूच पुढे सरकवलं तरी शांत. आणखी केसभर सरकवलं की एकदम धाडकन. पहिल्या रात्री आई उठून बसली आणि म्हणाली, “आता राती हे काऊन लावलं रे बा? वासरू दावं तोडते पाय.” भाऊ भिंतीपलीकडून ओरडला, “हा घरचा नाही रे, शंकरपटाचा भोंगा हाय!” दुसऱ्या दिवशी मी आईच्या झोपेला चालेल एवढ्या आवाजाची जागा शोधली आणि पॅनेलवर पेन्सिलने रेघ मारली. शून्याची रेघ आणि माझी रेघ यांच्यात पेन्सिलच्या टोकाएवढी जागा आहे. बटणावर आकडे ० ते १०, आणि माझं सगळं वाजवणं शून्य आणि पाव यांच्या मधे. १ वर नेऊन सहावी तार मोकळी छेडली की छताची टिनं थरथरतात. २ च्या पुढे मी आजवर गेलेलो नाही.

तालुक्याला रेडिओ दुरुस्त करणारे एक जुने कारागीर आहेत. त्यांना मोबाईलवर याचा व्हिडिओ दाखवला. पुरता बघायच्या आधीच ते म्हणाले, “यात लिनियर पॉट टाकलेला दिसतो.” पॉट म्हणजे बटणामागचा फिरता रेझिस्टर, आणि लिनियर म्हणजे जेवढा फिरवला तेवढ्याच हिशेबात सिग्नल सोडणारा. वॉरंटी जाईल म्हणून मी सील तोडलेलं नाही, तेव्हा याला अंदाजच समजा. पण हिशेब जुळतो. आपल्याच माहितीपत्रकात स्पीकरची संवेदनशीलता ९५ डेसिबल दिली आहे, म्हणजे एक वॅट दिला की एक मीटरवर ९५ डेसिबल. ४० वॅटवर त्याचे होतात १११. दोन माणसं समोरासमोर बसून बोलतात तो आवाज ६० च्या आसपास असतो. मला हवेत फार तर ६५. दर १० डेसिबल खाली यायला वॅट दहापट कमी करावे लागतात, म्हणजे ९५ वरून ६५ वर यायला वॅटचा हजारावा हिस्सा पुरतो. घरात हा ॲम्प एवढ्यावरच चालतो. उरलेले एकोणचाळीस वॅट मी खोक्यात ठेवायला विकत घेतले काय?

१११ वरून ६५ वर उतरायचं तर व्होल्टेज दोनशेपट कमी करावं लागतं. बटण सगळं मिळून ३०० अंश फिरतं असं धरलं, तर लिनियर पॉटवर त्यातला दीड अंश माझ्या वाट्याला येतो. गिटारच्या सिग्नलप्रमाणे थोडं पुढेमागे होईल, पण पेन्सिलच्या टोकाचा मामला तोच राहतो. कानाला आवाज पटीत कळतो, म्हणून व्हॉल्यूमला लॉग पॉट, म्हणजे सिग्नल पटीत वाढवणारा, टाकायची रीत आहे. तो निम्म्यावर आणला तरी जेमतेम १० ते १५ टक्केच सोडतो, त्यामुळे सुरुवातीला हात फिरवायला जागा मिळते. एवढासा पॉट, साहेब. किरकोळ दुकानात तो चहा-नाश्त्याच्या पैशात मिळतो.

आणि वॅटचंही सांगतो. १५ आणि ४० मध्ये पूर्ण आवाजावर फरक येतो साधारण ४ डेसिबलचा. माझ्या रेघेवर तर त्या आकड्यांचा काही संबंधच उरत नाही. आपल्या विक्री विभागाला हे माहीत नसेल तर त्यांना सांगा. माहीत असेल तर मग काय बोलायचं.

दुसरी गोष्ट सुराची. आवाज खाली आणला की कान खर्ज आधी सोडतो. हे माझं मत नाही, फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी १९३३ साली ते मोजून मांडलं आहे. आमच्या जुन्या टेपरेकॉर्डरवर एवढ्यासाठीच ‘लाउडनेस’ नावाचं बटण होतं. रात्री वडील ते दाबून भजनं ऐकायचे आणि हळू आवाजातही मृदंगाचा ठोका भरीव लागायचा. आपल्या ॲम्पमध्ये घरासाठी ‘खास’ असं काय आहे ते मला अजून सापडलेलं नाही. बेस पूर्ण, ट्रेबल थोडा वर, असं करून मी निभावतो. गेन, म्हणजे मास्टरच्या आधी सिग्नल वाढवायचं बटण, चढवून मास्टर खाली ठेवला तर सूर जरा दाट होतो हेही जमवून पाहिलं, पण गेन चढवला की मास्टरची ती पेन्सिलभर जागा आणखीच आखडते.

एक तक्रार मात्र मी मागे घेतो. १४ तारखेच्या फोनवर मी घुरघुरीबद्दलही बोललो होतो. दोष माझ्या घराचा निघाला. अर्थिंगचा खड्डा कोरडा पडला होता. मीठ-कोळसा घालून, पाणी ओतून तो नव्याने केला आणि घुरघुर निम्म्याहून खाली आली. उरली ती गिटारच्या सिंगल कॉइल पिकअपची, म्हणजे तारांचं कंपन पकडणाऱ्या एका कॉइलची. चुंबकाभोवती बारीक तारेचे सात-आठ हजार वेढे असतात, आसपासच्या वायरिंगचे ५० हर्ट्झ ते पकडणारच. कॉइल भरण्यावर माझं पोट चालतं, तिला मी नावं ठेवत नाही.

१४ तारखेला आपल्याकडून मला सांगण्यात आलं की स्पीकर नवा आहे, मोकळा व्हायला वेळ लागतो, आठ-दहा दिवस वाजवा आणि “आवाज थोडा वाढवला की टोन खुलेल.” आवाज वाढवला की शेजाऱ्यांची दारंही खुलतात, हे तेव्हाच बोलायला हवं होतं. स्पीकर वाजवून मोकळा होतो हे मान्य, पण त्याने बटण कसं सुधारणार? मी ऐकलं आणि थांबलो. माल परत करायची मुदत सात दिवसांची होती. ती उलटल्यावर ई-मेल आला की वस्तू निर्दोष आहे, मुदत संपली आहे, शंका असल्यास नागपूरच्या सर्व्हिस सेंटरला स्वतः आणून दाखवावी. इथून यवतमाळ चाळीसेक किलोमीटर, तिथून नागपूर आणखी दीडशे. अकरा किलोचा डाग घेऊन दोन एसटी बदलायच्या, एक दिवस दुकान बंद ठेवायचं, आणि परत आणायला पुन्हा तेवढंच. आमची शकुंतला, म्हणजे यवतमाळ-मूर्तिजापूरची छोटी रेल्वे, चालू असती तरी काय उपयोग होता, तीही नागपूरला जात नव्हती.

हेडफोन लावून वाजवा, असाही सल्ला दोनदा मिळाला. हेडफोनवरच वाजवायचं असतं तर हजार-दोन हजारांचं गिटारला टोचायचं छोटं यंत्र पुरलं असतं, १० इंची स्पीकर मी कशाला घेतला असता? मोठ्या आवाजाची वेळ येते ती भजनी मंडळात. तिथे मंडळाचं स्वतःचं साउंड आहे.

माझं मागणं असं आहे. माणूस पाठवून ॲम्प आपल्या खर्चाने न्यावा, मास्टरला योग्य पॉट बसवून द्यावा आणि त्या कामाने वॉरंटीला धक्का लागणार नाही असं लेखी द्यावं. ते जमत नसेल तर १८,४९० रुपये परत करावेत. आपल्याच यादीतला, अर्ध्या वॅटवर आणायची खटकी असलेला दुसरा ॲम्प बदलून दिला तरी मी घेईन, वरचे पैसे भरायचीही तयारी आहे. आणि संकेतस्थळावरची ती ठळक ओळ, पॉट बदलेपर्यंत तरी, काढून टाकावी.

ई-कॉमर्सच्या २०२० च्या नियमांप्रमाणे तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण एका महिन्यात व्हायला हवं. पोच मिळाली, महिना १४ तारखेला संपला. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने मला यवतमाळच्या जिल्हा आयोगात दाद मागता येते, त्यासाठी आपल्या शहरात यावं लागत नाही. मला हौस नाही, पण कागद जमवून ठेवले आहेत. पेन्सिलच्या रेघेचा फोटो, व्हिडिओ आणि बिल सोबत पाठवत आहे.

ॲम्प मूळ खोक्यात भरून ठेवला आहे. न्यायला माणूस पाठवाल तर दुपारी चारनंतर पाठवा, सकाळी मी कोणाच्या ना कोणाच्या वावरात मोटार खोलत असतो. आणि निघायच्या आधी फोन करायला सांगा, गावात शिरलं की रेंज जाते.

आपला ग्राहक
(सही)