बर्गनमधल्या साडेतीन तासांच्या सुट्टीबद्दलचं पत्र

प्रिय आई-बाबा,

सा. न. वि. वि.

फोन असताना पत्र कशाला असं बाबा म्हणणार, पण बोटीवरचं वायफाय म्हणजे "ऐकू येतंय का" यातच अर्धं कार्ड संपतं, म्हणून बंकवर आडवा होऊन हे निवांत टाइप करतोय. ताईला सांगा अक्षर मोठं करून द्यायला.

काल नॉर्वेत बर्गनला होतो. या कॉन्ट्रॅक्टमधे चौथ्यांदा, पण आधीच्या तिन्ही वेळा एकतर आयपीएम लागला, म्हणजे बोट बंदरात असताना ठराविक क्रूने वरच थांबायचं असतं ते, नाहीतर गॅलीत, म्हणजे बोटीच्या स्वयंपाकघरात, इन्स्पेक्शन. काल ब्रेकफास्ट आवरून दहाला सुटलो, दीडला परत ॲप्रन. पॅन्ट्रीतल्या मालवणच्या पोराला विचारलं येतोस का तर म्हणाला पाऊस आहे, मी झोपतो. पाऊस तर काय इथे रोजचाच आहे, वर्षातले दोनशेच्या वर दिवस पडतो म्हणे. एकूण धरला तर दापोलीपेक्षा कमीच, पण आपला कसा चार महिने बदाबद कोसळतो आणि मोकळा होतो, हा वर्षभर नुसती पिरपिर करत बसतो.

आई, तू सांगितलेलंस म्हणून पहिला मासळी बाजार गाठला. तेराव्या शतकापासून आहे म्हणतात, पण बाजार कसला, वास नाही, ओरडा नाही, पाट्या नाहीत, भाव करायची तर सोयच नाही, सगळं फिक्स रेट. किंग क्रॅब म्हणून खेकडा बघितला, त्याची एकेक तंगडी माझ्या कोपरापासून बोटांपर्यंत येईल. तू असतीस तर आधी सॅमनचे कल्ले उचलून बघितले असतेस आणि त्या पोराशी भांडली असतीस. मी काहीच घेतलं नाही. एक दालचिनीचा बन घेतला, स्किलिंग्सबोले म्हणतात त्याला, बाबा, रुपयात किती पडला ते विचारू नका.

पण मला सांगायचंय ते ब्रिगेनबद्दल. धक्क्याला लागून लाकडी घरांची रांग आहे, लाल, पिवळी, पांढरी, एकमेकांच्या अंगावर रेललेली, एकही भिंत ओळंब्यात नाही. 1702 साली सगळं जळून खाक झालं, तरी लोकांनी जुन्या जागेवर तश्शीच परत बांधली, 1979 पासून युनेस्कोच्या यादीत आहे. पुढून दुकानं, पण मधल्या बोळात शिरलं की खाली फळ्या, वर फळ्या, दोन्ही बाजूला फळ्या, आणि ओल्या लाकडाचा वास, अगदी आपल्या जुन्या पडवीत कौलं गळायची तेव्हा यायचा तसा. मागे एक केवढा तरी लाकडी मासा आहे. कारण हे सगळं उभं राहिलं सुक्या माशावर! उत्तरेकडून सुका कॉड यायचा आणि जर्मन व्यापारी त्याच्या बदल्यात धान्य द्यायचे, साधारण 1360 पासून 1754 पर्यंत त्यांचं इथे ऑफिस होतं. मीठबीठ काही लावत नाहीत, नुसत्या थंड वाऱ्यावर लाकडी मांडवावर वाळवतात, दोन-दोन मासे शेपटीला बांधून. मला एकदम हर्णैच्या मासे वाळवायच्या वलांड्या आठवल्या, आपण बोंबील जबड्यात जबडा अडकवून टांगतो ना, तेच, फक्त उलटं.

त्या व्यापाऱ्यांकडे शिकाऊ पोरं असायची, जर्मनीहून आणलेली. घरांना आग लागेल म्हणून आत शेकोटी नाही, दिवा नाही, या असल्या थंडीत. जेवायला आणि ऊब घ्यायला मागे वेगळ्या खोल्या होत्या, तिथे जाऊन बसलो थोडा वेळ, लांब बाकडी आणि काळवंडलेली लाकडं. इथे राहतील तोवर लग्न करायचं नाही असा नियम. (आई, लगेच स्थळांची यादी काढू नकोस.) माझ्या बंकला निदान पडदा आहे, आणि हीटर तर इतका की रात्री चादर पण नको वाटते.

मग फ्लॉयबानेन, डोंगरावर जाणारी केबलची रेल्वे, 1918 पासून चालू आहे. दोन डबे एकाच केबलला, एक वर जातो तेव्हा दुसरा खाली येतो, मधे दोघे एकमेकांना चुकवतात, म्हणजे आपल्या विहिरीच्या दोन घागरींसारखं. सहा-सात मिनिटांत समुद्रापासून 320 मीटर उंचीवर. वर धुकं होतं, काही दिसेना, पाच मिनिटं फाटलं तेव्हा खाली अख्खं शहर आणि आमची बोट दिसली, खेळण्याएवढी. तिथून तुम्हाला फोन लावलेला, साडेबाराला, म्हणजे तुमचे चार. आई "चहा टाकलाय" म्हणाली आणि मी "सगळं ठीक" म्हणून ठेवला.

सगळं ठीकच आहे, पण तेव्हा सांगायचं होतं ते जमलं नाही. माझ्या जागी येणाऱ्या माणसाचं मेडिकल अडकलंय, म्हणून मला दोन महिने वाढवून मागितलेत आणि मी हो म्हटलंय. म्हणजे गणपतीला मी नाही. घराच्या हप्त्याचा विचार केला, आणि खरं सांगू तर नाही म्हणायचं धाडसही झालं नाही, पुढचं कॉन्ट्रॅक्ट त्यांच्याच हातात. फोनवर सांगितलं असतं तर आई, तुझा आवाज बदलला असता आणि मी कामावर परत गेलोच नसतो.

बाबा, मखराचं सामान माळ्यावर डाव्या बाजूला आहे, तुम्ही शिडीवर चढू नका, काकांच्या धाकट्याला बोलवा, मी त्याच्याशी बोललोय. दिव्यांच्या माळेतली एक लाइन बंद आहे, ती लावायची नाही, शॉक बसतो. आरतीच्या वेळी ताईला व्हिडिओ कॉल लावायला सांगा, इथे लंचची घाई असेल पण फोन मी ॲप्रनच्या खिशात ठेवीन.

आईने गोळ्या वेळेवर घेतल्यात का ते मला खरं खरं कळवा.

तुमचा,
बाळू