कानातला सेन्सर आधी फिटच्या पेशंटला द्या

संपादक साहेब, नमस्कार.

इअरबडसारखं कानात घालून मेंदूचे सिग्नल टिपणाऱ्या सेन्सरच्या बातम्या सध्या यायलेत अन् सगळे नुसत्या विचारानं मोबाईल चालवायचं कौतुक करायलेत. मला वाटतं हे तंत्र आधी आमच्या भागातल्या फिट येणाऱ्या लेकरांपर्यंत यावं, म्हणून लिहायलो.

माझ्या पुतण्याला फिट येतात. ईईजीला, म्हणजे मेंदूचे सिग्नल टिपायच्या तपासणीला, औशाहून लातूरला न्यायचं, डोक्याला जेल लावून वायरी चिकटवतात, अर्ध्या तासात तपासणी संपते अन् रिपोर्ट नॉर्मल, कारण फिट येते रात्री झोपेत. रिपोर्ट नॉर्मल म्हणजे आजार नाही असं नसतं, डॉक्टर सांगतात, पण घरातल्या म्हाताऱ्या माणसांना ते पटत नाही, मग गोळ्या बंद अन् चप्पल हुंगवणं, अंगारा लावणं सुरू. लय जीव तुटतो हे बघून.

मेंदूचा टेम्पोरल लोब, म्हणजे बाजूचा भाग, कानाच्या अगदी जवळ असतो अन् बऱ्याच फिट तिथूनच सुरू होतात, त्यामुळं रात्रभर सेन्सर घालून झोपलं तर त्या सापडू शकतात. डेन्मार्कचं आरहूस अन् जर्मनीचं ओल्डेनबर्ग विद्यापीठ यावर दहा वर्षांच्या वर काम करायलेत. पण हा सिग्नल व्होल्टच्या लाखाव्या हिश्श्याच्या आसपास, नुसता जबडा हलला तरी त्यात गडबड होते, घामानं पकड सुटते, अन् कानापासून लांब सुरू झालेली फिट निसटू शकते, म्हणून डोक्यावरच्या ईईजीची गरज संपत नाही. आमच्या एप्रिल-मेच्या उकाड्यात हे कितपत टिकतं ते इथंच तपासावं लागंल. लातूर, अंबाजोगाई, नांदेडच्या सरकारी मेडिकल कॉलेजांना त्यासाठी निधी द्यावा.

दुसरी काळजी क्लासची. चीनमधे 2019 ला एका प्राथमिक शाळेत लेकरांचं लक्ष मोजायला डोक्याला पट्टे बांधले होते, पालक चिडल्यावर थांबवलं. लातूरला नीटच्या पोरांवर आधीच केवढं प्रेशर आहे, त्यात कोणी कानातून लक्ष मोजून घरी मार्क पाठवायला लागलं तर? चिलीनं 2021 लाच मेंदूच्या माहितीचं संरक्षण राज्यघटनेत घातलं. आपल्या 2023 च्या डेटा कायद्यात मेंदूच्या माहितीचा वेगळा उल्लेखच नाही. मराठवाड्यातल्या खासदारांनी हा प्रश्न संसदेत मांडावा, अन् अठरा वर्षांखालच्या पोरांवर डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय असं यंत्र वापरायला बंदी मागावी.

एक वाचक, ता. औसा, जि. लातूर