सूचना : रविवारी गच्चीवर पॉट आइस्क्रीम

सर्व सभासदांना नमस्कार.

येत्या रविवारी संध्याकाळी ५ वाजता गच्चीवर हापूसचं पॉट आइस्क्रीम करायचं आहे. लाकडी पॉट आमच्या घरून येईल. प्रत्येक घराने अर्धा लिटर म्हशीचं दूध दुपारीच आटवून, साखर घालून, पूर्ण गार करून आणावं. कोमट दूध ओतलं की बर्फ भराभर वितळतो आणि आइस्क्रीम धरतच नाही. आंब्याचा रस मात्र वेगळा आणा, तो दूध घट्ट होऊ लागल्यावर घालू.

बर्फाच्या लादीची सोय झाली आहे. मीठ जाडंच हवं. मिठामुळे वितळत्या बर्फाचं तापमान शून्याच्या बरंच खाली जातं, म्हणून तर डब्यातलं दूध गोठतं. हँडल मुलांना पाळीपाळीने फिरवू द्या. जड लागायला लागलं की मोठ्यांनी हात लावावा. झाकण उघडण्याआधी वरचं खारट पाणी फडक्याने नीट पुसायचं. गेल्या वर्षी हे राहिलं, अख्खं आइस्क्रीम खारट झालं आणि मुलं फार हिरमुसली.

वाट्या-चमचे घरूनच आणा. आजी-आजोबांना नक्की घेऊन या, पॉटभोवती बसून वाट बघण्यातली मजा त्यांनी लहानपणी अनुभवली आहे. घरटी किती जण येणार, ते शनिवारी रात्रीपर्यंत ग्रुपवर कळवा.