‘वॉशिंग्टन’ आडनावाचा प्रवास

महोदय,

‘वॉशिंग्टन’ म्हटले की अमेरिकेचे पहिले अध्यक्ष आठवतात. या आडनावाचे मूळ मात्र ईशान्य इंग्लंडमधील वॉशिंग्टन नावाच्या गावात आहे. बाराव्या शतकात विल्यम द हर्टबर्न या सरदाराने तेथील जहागीर घेतली आणि, आपल्याकडे वाईचे वाईकर व्हावेत तसे, गावाचेच नाव लावले. पुढे घराण्याची एक शाखा इंग्लंडमधीलच सल्ग्रेव्ह येथे स्थिरावली आणि तिच्यातील जॉन वॉशिंग्टन १६५० च्या दशकात व्हर्जिनियात गेले. जॉर्ज हे त्यांचे पणतू.

आडनाव खरे पसरले ते यानंतर. २००० च्या अमेरिकी जनगणनेत ते लावणाऱ्यांपैकी सुमारे ९० टक्के लोक कृष्णवर्णीय होते. हे सारे जॉर्ज यांच्या गुलामांचे वंशज असावेत, असा तर्क कोणीही करील. पण तो घाईचा ठरेल, कारण गुलामगिरीतून सुटलेल्या अनेकांनी आपले आडनाव स्वतःच निवडले. गुलामगिरीत जन्मलेले कृष्णवर्णीय शिक्षणतज्ज्ञ बुकर टी. वॉशिंग्टन यांना लहानपणी शाळेत हजेरीच्या वेळी इतर मुलांना दोन-दोन नावे असल्याचे दिसले, तेव्हा गुरुजींनी विचारताच त्यांनी ‘बुकर वॉशिंग्टन’ असे बेधडक सांगून टाकले. खुद्द जॉर्ज यांना अपत्य नव्हते.

– एक वाचक, सातारा